पाठ केलेली उत्तरं

सत्तेचाळिसाव्या वर्षी ताईने आंतरराष्ट्रीय विकासकार्याच्या एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला. वीस वर्षं एका संस्थेसाठी तिने वस्त्या पालथ्या घातल्या होत्या, पण पदवीशिवाय वरची जागा मिळत नव्हती. अभ्यासक्रम एका वर्षाचा, संस्थेने रजाही तेवढीच दिलेली. प्रबंध फसला की संपलं.

वर्गात सगळी तिच्या लेकीच्या वयाची. 'सहभागी मूल्यमापना'वरचं प्रकरण बघून ती म्हणाली, "म्हणजे बायकांना विचारायचं. एवढ्याला चाळीस पानं?" पण ती पानं तिने पेन्सिलीने रेघा मारमारून वाचली. टायपिंग अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

प्रबंध तिनेच उभ्या केलेल्या नळयोजनेवर होता. साठ घरांत एकच उत्तर: पाणी रोज येतं, समितीची बैठक दरमहा होते, बायका मोकळेपणाने बोलतात. स्वारी खूश! निष्कर्ष लोकांना वाचून दाखवायचे असतात, म्हणून प्रबंध द्यायला आठ दिवस उरले असताना आम्ही दोघी वस्तीत गेलो. ताई वाचत होती, बायका माना डोलावत होत्या. शेवटी शिवणकाम करणारी एक बाई म्हणाली,

"छान आहे. पण हे पाहुण्यांसाठीचं झालं. खरं कधी विचारणार?"

"म्हणजे?"

"अहो, पाणी तीन दिवसांनी येतं. बैठक होऊन दोन वर्षं झाली. कागद घेऊन कुणी आलं की असं सांगायचं, नाहीतर पुढचा निधी थांबेल, हे तुम्हीच नाही का पाठ करून घेतलंत? तुम्ही कागद घेऊन आलात, आम्ही सांगितलं."

परतताना बसमध्ये ताई रडली. मार्गदर्शक सर म्हणाले, "आहे तेच द्या. कोण बघायला जातंय?" मीही तेच म्हटलं, कबूल करते. तिने ऐकलं नाही. आठ दिवसांत नवीन प्रकरण लिहिलं: ही उत्तरं खोटी आहेत आणि ती मी शिकवली आहेत. टाईप मीच केलं.

ती पास झाली, जेमतेम. संस्थेने मात्र ते प्रकरण वाचून वरची जागा दुसऱ्याला दिली. मी संतापले. ताई दुसऱ्याच दिवशी कागदाशिवाय वस्तीत गेली आणि संध्याकाळी घामाघूम होऊन, हसत परतली.

"काय झालं?"

"अगं, तासभर झाडलं मला सगळ्यांनी. पाइप लहान टाकलात, टाकी चुकीच्या जागी बांधलीत, आम्हाला विचारलंच नाहीत!" पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "वीस वर्षांत पहिल्यांदाच भांडल्या गं माझ्याशी."