जाडभिंगाची लेखी तक्रार

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासणारा हा गृहस्थ अकरा वर्षं सिनेमे चोरत होता. 'चोरत' हा शब्द त्याच्या ताईचा. तो स्वतः 'उतरवून घेतो' म्हणायचा, आणि वर अशी मखलाशी करायचा की आपण नुसतं घेत नाही, त्यात भर घालून परत देतो. भर म्हणजे सबटायटलं. कुठल्या कुठल्या देशांतले सिनेमे फुकटच्या साइटवरून उतरवायचे, त्यांतलं बोलणं आपल्या भाषेत लिहून काढायचं आणि ती फाइल त्याच साइटवर सगळ्यांसाठी ठेवून द्यायची. तिथे त्याने 'जाडभिंग' असं नाव घेतलं होतं. ताई म्हणायची, चोरीच्या सायकलला घंटी बसवली म्हणून सायकल आपली होत नाही. यावर तो विषय बदलायचा.

सुरुवात आईमुळे झाली. साठीत आलेल्या एका तापात तिचे दोन्ही कान गेले. यंत्र लावून पाहिलं, तर त्यात नुसती खरखर. सिनेमा म्हणजे तिचा जीव की प्राण. मग मुलगा लिहू लागला आणि आई वाचू लागली. पण आईला मधेच विचारायची सवय. ही कोण, तो मघाशी मेला ना, आता हा का रडतोय. तो घरी असला की वहीत लिहून उत्तर द्यायचा, पण दिवसभर तो दुकानात. तेव्हा त्याने उत्तरं आधीच लिहून ठेवायला सुरुवात केली. आई कुठे अडणार हे त्याला न विचारता कळायचं, आणि बरोबर तिथे तो कंसात लिहायचा: '(आई, हा तो नव्हे. त्याचा जुळा भाऊ. मिशीकडे लक्ष ठेव.)' किंवा, '(आई, आता दोन मिनिटं भिंतीकडे बघ. रक्त आहे.)'

शहाण्या माणसाने लोकांसाठी वेगळी, कंस काढलेली फाइल केली असती. आमच्या या गृहस्थांना त्याचा कंटाळा. त्यामुळे ओळख ना पाळख अशा हजारो माणसांना तो आई म्हणू लागला. कुणी कुरकुर केली नाही. एकाने तर कळवलं की मीसुद्धा भिंतीकडे बघितलं. असल्या कौतुकाने तो चढला आणि प्रत्येक फाइलच्या शेवटी एक ओळ टाकू लागला: 'हे काम जाडभिंगाचं आहे. परवानगीशिवाय वापरणं ही चोरी आहे.' हे लिहिताना आपल्याला हसू कसं फुटलं नाही, याचं त्याला आजही नवल वाटतं.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताईचं घर तळमजल्यावर, म्हणून ती आईला घेऊन गेली. ताई गणित शिकवते आणि वागतेही तशीच. सिनेमे बघायला ती एका कंपनीला दरमहा रीतसर पैसे भरते. पहिल्याच रविवारी तो पेनड्राइव्ह घेऊन गेला, तर तिने तो दाराबाहेर, चपलांशेजारी ठेवायला लावला. कंपनीच्या सिनेमांना आपल्या भाषेतली सबटायटलं नव्हती. आई टीव्ही बंद ठेवून खिडकीशी बसून राहू लागली. तो आला की विचारायची, काही नवीन? तो नकारार्थी मान हलवायचा आणि घरी येईपर्यंत स्वतःला बोल लावायचा.

मग एक दिवस दुकानात डबा खाताना काउंटरवरच्या बाईंनी फोन त्याच्यासमोर धरला. त्या ताईच्याच कंपनीच्या गिऱ्हाईक. आता आपल्या भाषेतही वाचता येतं, म्हणाल्या. सिनेमा होता तीन जावांनी चालवलेल्या खाणावळीचा. दार उघडून एक मिशीवाला आत आला आणि खाली अक्षरं उमटली: '(आई, हा तो नव्हे. त्याचा जुळा भाऊ. मिशीकडे लक्ष ठेव.)' याचा घास तोंडातच राहिला. संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःचे असे सहा सिनेमे शोधून काढले. शेवटची धमकीची ओळ तेवढी उडवलेली, आणि तिच्या जागी भाषांतरकार म्हणून कुणा अनोळखी बाईचं नाव. त्या अनोळखी बाईंनी कंस न वाचताच उचलले असणार, नाहीतर परक्याची आई कोण कशाला सांभाळील?

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं डोळे फोडून केलेलं काम, आणि कुणीतरी येऊन खुशाल उचलतं म्हणजे काय, जगात काही नीतिमत्ता उरली आहे की नाही, असं तो काउंटरवरच्या बाईंना तावातावाने सांगत होता. त्याच तावात त्याने कंपनीचा तक्रार अर्ज भरला. 'मूळ सिनेमा आपणास कोठून मिळाला?' या प्रश्नापुढे त्याने लिहिलं, 'स्नेह्यांकडून.' हे स्नेही म्हणजे त्या फुकटच्या साइटवरचे, त्याने आयुष्यात न पाहिलेले चारेक हजार लोक. 'मी कोणाच्याही स्वामित्वहक्काचा भंग केलेला नाही' या ओळीपुढच्या चौकोनात त्याने ठणठणीत खूण केली.

तीन दिवसांनी तक्रार विभागातल्या बाईंचं उत्तर आलं. काम आपलंच दिसतं, झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, सहाही सिनेमांची सबटायटलं येत्या गुरुवारी काढून टाकण्यात येतील. त्याने ते तीनदा वाचलं आणि दोन दिवस छाती काढून फिरला.

रविवारी तो ताईकडे गेला तर खिडकीशी कुणी नव्हतं. आई टीव्हीसमोर बसली होती, पाय स्टुलावर, चष्मा नाकावर.

"मोठ्या कंपनीत लागलास आणि सांगितलं नाहीस होय रे?" ती म्हणाली.

त्याने वहीत लिहिलं, तुला कुणी सांगितलं?

"कुणी कशाला सांगायला हवं? मला ऐकू येत नाही, पण बोलतंय कोण ते कळतं."

आधी पाहिलेलेच, तरी आठवड्यात चार बघून झाले, ताई मागून सांगत होती. एक तर दोनदा. तेवढ्यात पडद्यावर भिंतीकडे बघायची सूचना आली आणि आई मुकाट्याने भिंतीकडे बघू लागली. इतकी शरम त्याला सिनेमे चोरताना कधी वाटली नव्हती.

स्वयंपाकघरात जाऊन त्याने ताईला सगळं सांगितलं. गुरुवारचंही सांगितलं. ती 'तरी मी म्हणत होते' असं म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं, पण ती भांडी विसळत राहिली. तक्रार मागे घ्यायचा एक अर्ज होता. त्यात मान्य होण्यासारखं कारण एकच होतं, आणि खाली, ज्यांच्यावर आळ घेतला त्यांची माफी मागायची होती. त्याने फोनवर टाइप केलं: 'सदर मजकूर माझा नाही. गैरसमजातून तक्रार केली. संबंधित बाईंना झालेल्या त्रासाबद्दल मी त्यांची क्षमा मागतो.' आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदा अशा कामाखाली, स्वतःचं खरं नाव लिहिलं. मग त्याचा अंगठा अडला. त्याला रडू येत होतं, आणि आपल्याला रडू येतंय याची लाजही वाटत होती.

ताईने खांद्यावरून वाचलं.

"हे खोटं आहे."

"हो."

ताईने हात पुसले. दारातून बाहेरच्या खोलीत बघितलं. आई पुढे वाकून कुणाची तरी मिशी निरखत होती.

"पाठव," ताई म्हणाली.

गुरुवार आला आणि गेला, सिनेमे जागच्या जागी राहिले. पुढच्या रविवारी आईने शेवटच्या नावावर बोट ठेवून विचारलं, नाव का बदललंस? त्याने वहीत लिहिलं, काम चोरीचं आहे म्हणून. तिने वाचलं, आणि पटल्यासारखी मान हलवली.

"बरं. पण सहाही झाले बघून. पुढचा कधी?"

ताईने एक खोटं खपवून घेतलं असलं तरी पेनड्राइव्ह अजून दाराबाहेरच आहे. म्हणजे आईपर्यंत पोचायचा रस्ता उरला एकच, तो त्या अनोळखी बाईंच्या हातून जातो. त्याने सातवा सिनेमा आठ दिवसांत लिहून काढला, कंस नेहमीपेक्षा जास्तच घातले आणि साइटवर सगळ्यांत वर, सहज दिसेल असा ठेवला. रोज डबा खाताना तो काउंटरवरच्या बाईंचा फोन मागून घेतो आणि कंपनीची यादी वरपासून खालपर्यंत बघतो. तीन आठवडे झाले. अजून कुणी चोरलेलं नाही, आणि त्याला घोर लागला आहे.