अकरावी विहीर

यज्दच्या वाळवंटातील आमच्या गावाहून मेबोदला जाणाऱ्या ईरजच्या भाड्याच्या मोटारीत आम्ही तिघे सहा वर्षे नित्यनेमाने बसत आलो. पुढच्या आसनाचा मान उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, बेमानअलींचा. त्यांच्या आईची पाच अपत्ये पाळण्यातच गेली, म्हणून सहाव्याला तिने हे नाव दिले. त्याचा अर्थच ‘अलीसाठी राहा’ असा. ते राहिले, आणि चाळीस वर्षे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या भुयारी नहरींच्या विहिरी खणत भूमीच्या उदरात वावरले. त्या कामाला उतरणारा शुभ्र वस्त्रे नेसतो. अंधारात दिसावा म्हणून, आणि वर आलाच नाही तर वेगळे कफन लागू नये म्हणून. आता ते एका कुंभारशाळेचे राखणदार होते. तरी शुभ्र सदऱ्याची घडी त्यांच्या पिशवीत भाकरीखाली असेच.

त्या हिवाळ्यात ईरजने आमच्याच गावाला पडलेल्या एका प्राचीन वेढ्याचा ध्वनिमुद्रित इतिहास गाडीत लावला होता. रोज एक प्रकरण. घरी कोणी पुढचे ऐकायचे नाही, हा गाडीचा धर्म. शत्रूने पाण्याचा उगम बुजवला त्या सकाळी शिक्षिका तूबा खानम हातातला चहा प्यायला विसरल्या होत्या.

नवव्या दिवशी निवेदकाचा स्वर अधिकच संथ झाला. वेढ्यात सापडलेल्यांनी लेकराबाळांना लपवण्यासाठी कोरड्या नहरीत दालन कोरले होते. जुन्या पाणचक्कीपासून मावळतीकडे, दर चाळीस पावलांवर एक विहीर, सगळ्या खालून एकाच भुयाराने जोडलेल्या. अकराव्या विहिरीखाली साठ माणसे मावतील अशी पोकळी. विहिरीच्या तोंडावर लाकडे टाकून माती लोटली गेली. ती पुन्हा उघडल्याची नोंद नाही.

“साठ?” तूबा खानम म्हणाल्या. “माझ्या वर्गात चाळीस पोरी मावत नाहीत.”

उस्तांची बोटे मांडीवर पावले मोजत होती.

“बंद कर रे ते.”

“आत्ता कुठं रंग चढलाय, उस्ता. घाबरलात की काय?”

“तुझं नवं घर कुठंसं म्हणालास?”

“पाणचक्कीच्या मागं, मावळतीला. दहादा बोलावलं तुम्हाला. पण तुम्ही पडलात जमिनीखालचे, वरच्या माणसांकडं कशाला याल?”

“तिथं मातीचं कडं होतं? मधे खळगा, भोवती गोल ढीग?”

“होतं की. मेलेली नहर ती. मीच सपाट केलं. फुकटची माती, सगळ्या अंगणाला पुरली.”

“न्हाणीचं पाणी कुठं सोडलंस?”

“अंगणातल्या शोषखड्ड्यात. नशीब बघा माझं, सगळ्या आळीचे खड्डे तुंबतात, माझ्यात कितीही ओता, घटकेत गायब. माहरुखनं काल गालिचे धुतले, थेंब राहिला नाही.”

असा खड्डा लाभला की आमच्याकडे मिठाई वाटावी इतका आनंद होतो. त्या सकाळी कोणी हसले नाही.

“गाडी वळव,” उस्ता म्हणाले. “बायकोला फोन कर. म्हणावं, पोराला उचल आणि रस्त्यावर ये. चपला घालायलाही थांबू नको.”

घंटी वाजत राहिली.

“मशीन लावली असेल,” ईरज म्हणाला. “आज धुण्याचा दिवस. त्या आवाजात तिला ऐकू येत नाही.”

त्याने पुन्हा लावला, आणि पुन्हा. उस्तांनी पिशवीतून शुभ्र सदरा काढून अंगावर चढवला. तूबा खानमनी तोंड खिडकीकडे वळवले.

गाडी ईरजच्या घरापुढे थांबली तेव्हा माहरुख दाराशी आली ती ओल्या हातांनी.

“काय विसरलात आज?”

“बाळ कुठंय?” ईरजने विचारले.

“आत, पलीकडच्या खोलीत. झोपलाय.”

मधे अंगण होते. ईरज धावणार तोच उस्तांनी त्याचा दंड धरला.

“तू धिप्पाड आहेस. इथंच थांब.”

त्यांनी उंबऱ्याशी पालथे पडून भूमीला कान लावला. बराच वेळ. उठताना त्यांचा चेहरा सदऱ्याच्या वर्णाचा झाला होता. भिंतीला पाठ घासत, अनवाणी, ते अंगणाच्या कडेने गेले. त्याच मार्गाने परतले तेव्हा बाळ त्यांच्या खांद्यावर झोपलेलेच होते.

“काय ऐकलंत?” मी विचारले.

“पाणी पडतंय. फार खोल पडतंय.”

“गालिचे तरी काढू द्या, उस्ता,” माहरुख म्हणाली. “माझ्या माहेरचे आहेत.”

“नको, पोरी.”

आत मशीनने पाणी सोडले. आम्ही रस्त्यावरून उघड्या दारातून पाहत उभे होतो. अंगणाच्या मध्यभागीची फरशी वीतभर खाली गेली, जराही आवाज न करता, आणि थांबली.

उस्तांनी सदरा उतरवला नाही. ते शेजारच्या दाराकडे चालू लागले, आणि ईरजला म्हणाले, “बाराव्या विहिरीवर कोण राहतं?”