भिंतीवरचा डाव

येरेवानच्या चौकात बुद्धिबळाचा मोठा सामना असला, की सभागृहाबाहेरच्या भिंतीवर माणसाएवढा पट टांगायचे. त्यावर लांब काठीनं मोहरे सरकवण्यात वार्दगेस आजोबांचं उभं आयुष्य गेलं. आतून फोनवर खेळी कळायची, मग सावकाश काठी उठायची. खाली गर्दी श्वास धरून उभी असायची. निकाल आजोबांना सगळ्यांच्या आधी कळे, पण चेहऱ्यावरची रेघ हलत नसे.

"भिंतीवर आली नाही तोवर खेळी झालीच नाही," ते म्हणत. घरातही हाच कायदा होता.

पुढे भिंत गेली, काठी कपाटामागे गेली. नात शोघिक ग्रँडमास्टर झाली आणि सामने तिच्या खोलीतल्या संगणकावर येऊन बसले. त्या दुपारी पलीकडे पोलंडची ग्रँडमास्टर होती. शोघिकचे मोहरे काळे, आणि तिला जिंकणं भागच होतं. बरोबरी झाली तरी अंतिम फेरीचं दार बंद. डाव संपेपर्यंत खोली सोडायला बंदी होती. आजोबा स्वयंपाकघरात बायकोच्या फोनवर सामना बघत, एकेक खेळी लाकडी पटावर मांडत होते.

काळा घोडा कोपऱ्यात पुरता अडकला होता. तेवढ्यात खोलीचं दार उघडून शोघिक बाहेर आली.

आजोबांचा हात हवेतच राहिला. फोनच्या कोपऱ्यात शोघिक वेणीचं टोक चावत बसली होती, आणि इथं शोघिक वाडग्यातून जर्दाळू उचलत होती.

"अगं, तुझं घड्याळ पळतंय. आत जा."

"आजोबा, डाव तर…"

"घोडा अडकलाय तुझा."

"तो कधीच…"

"भिंतीवर आलंय का?"

शोघिकनं आणखी एक जर्दाळू उचललं.

"तुलाही दोन दिसतायत का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

आरुस्याकआजीनं कॉफीवरची नजर काढली. "दोनच. पण खातेय एकटीच."

आजोबांनी नातीची वेणी हातात घेतली. टोक अजून ओलं होतं. त्यांना काहीच उमगेना.

"चोरून कुणी मदत करू नये म्हणून बाहेर पाव तास उशिरा दाखवतात," शोघिक म्हणाली.

"म्हणजे तुला निकाल ठाऊक आहे, आणि मी गर्दीत उभा?"

"हो."

त्यांनी तिचा चेहरा निरखला. रेघ हलत नव्हती.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"एका काठीवाल्यानं."

"मेल्याला दुसरं काम नव्हतं," आजोबा पुटपुटले आणि पुन्हा पटावर वाकले.

घोडा मारला गेला. त्यांनी तो बाजूला ठेवताना नातीकडे पाहिलं. ती जर्दाळूची बी चघळत होती. पण घोड्यानं सोडलेल्या वाटेवरून काळा हत्ती खाली उतरला, मागोमाग वजीर. पांढऱ्या राजाला घर उरलं नाही. पोलंडच्या बाईनं कपाळाला हात लावला आणि डाव सोडला.

आजोबांनी दोन्ही राजे उचलून पटाच्या मधल्या काळ्या घरांत ठेवले. काळा जिंकला, की तसेच ठेवतात. मग एक पिकलं जर्दाळू निवडून ते शोघिकच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत रिकामी खुर्ची होती. तिच्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग परत आले आणि जर्दाळू इथल्या शोघिकच्या हातावर ठेवलं.