जाडं पीठ

आमच्या प्रयोगशाळेत बाकीचे सगळे अणूच्या पोटातले कण शोधायचे आणि मी हादरे. चिनीमातीसारख्या दिसणाऱ्या पदार्थाची चकती पितळी पट्टीला चिकटवायची, पट्टी थरथरली की चकतीतून वीज निघते, एवढंच माझं काम. कणवाले मला हसायचे. मीही भांडखोर, उलट हसायची. पण एक दिवस सर म्हणाले, "खऱ्या यंत्रावर दिवा लावून दाखव, तर पीएचडीला हा विषय तुझा. नाहीतर कणांच्या गटात ये."

खरं यंत्र म्हटल्यावर मला आमच्या गावची, कामथडीची पिठाची गिरणीच आठवली. सगळं गाव ज्यांना चाचा म्हणतं त्यांची ही गिरणी इतकी हलायची की फळीवरचे डबे आपोआप पुढे सरकायचे. सुट्टीत जाऊन मी तिची थरथर मोजली आणि आनंदाच्या भरात बोलून गेले, "चाचा, काय हालते हो तुमची गिरणी! पुढच्या रविवारी सरांना आणते बघायला." पट्टी त्या थरथरीशी बरोबर जुळवून घेतली.

रविवारी सरांना घेऊन एसटीतून उतरले. गिरणीला रंग दिलेला. चाचांनी पांढराशुभ्र सदरा घातलेला. पट्टी बसवली, चाचांनी खटका दाबला, आणि गिरणी चक्क गुणी बाळासारखी एका जागी उभी राहून दळायला लागली. दिवा काही लागेना. सर घड्याळ बघायला लागले.

"चाचा, हिला काय केलंत?"

"नसरापुरास्नं फिटर आनला," चाचा छाती काढून म्हणाले. "बोल्ट आवळलं, खाली टायरचं रबर घातलं. तू बोलून गेलीस, तवा लई लाज वाटली मला. सायबांपुढं आपल्या पोरीची मान खाली जायला नगं."

आता या माणसावर चिडायचं तरी कसं? मी हळूच म्हणाले, "चाचा, होती तशी करा ना."

"म्हंजी, बिघडवू?"

दळणाला आलेल्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. एक आजी म्हणाली, "पीठ जाडं येतं म्हनून आमी बोंबलून दमलो तवा न्हाई आवळली, आन् आज आवळली तर ही म्हनती सोडा."

चाचांनी नवा सदरा काढून खुंटीला टांगला, रबर उपसलं, बोल्ट सैल केले. गिरणी धडधडली, डबे निघाले, सरांच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या, आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. मी त्या आजीलाच मिठी मारली.

"विषय तुझा," सर शिंकत म्हणाले. "पण मोजमापं पूर्ण होईपर्यंत गिरणी अशीच राहू दे."

चाचांनी मान डोलावली. बायकांचं हसू थांबलं.

मग माझं काम संपेपर्यंत गावानं जाडंभरडं पीठच खाल्लं. भाकरी कडेला फुटायच्या. मी घरी आले की जो तो विचारायचा, "कुठवर आलं गं तुजं?" आई तर भाकरी थापताना रोज म्हणायची, "हो बाई एकदाची डॉक्टर."

झाले. पेढे घेऊन आधी गिरणीत गेले. चाचांचे डोळे भरले, माझेही भरले. मी पेढा पुढे केला.

"थांब जरा," ते म्हणाले, आणि पाना घेऊन बोल्ट आवळायला बसले.