ब्रेकवरचा शेजारी

हातात आलेली वस्तू तो आधी उलटी करून बघायचा. चहाचा ग्लास रिकामा झाला की त्याचा तळ, नवी चप्पल घेतली की तिचा तळवा. आमच्याकडे मिक्सर आला तेव्हा सुरू करण्याआधीच त्याने तो टेबलावर आडवा पाडला. "आत काय हाय ते बघू दे," म्हणायचा. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याला दुरुस्त काही करायचं नसतं, नुसतं बघायचं असतं.

सातपूरच्या कामगार वस्तीत आम्ही एकाच इमारतीत राहायचो. मी खाली, तो आणि त्याची आई वरच्या मजल्यावर. तो एका कंपनीत लेथ मशीनवर टर्नर होता, टेम्पररी. कंपन्यांत तेव्हा 'ब्रेक' असे. माणसाला कायम करावं लागू नये म्हणून काही महिने झाले की घरी बसवायचं आणि मग पुन्हा नवा म्हणून घ्यायचं. "उद्यापासून ब्रेक," हे तो शाळेला सुट्टी लागल्यासारखा सांगायचा. त्याची आई तेव्हा भांडी जरा जोरात घासायची.

असल्याच एका ब्रेकमध्ये मी त्याला सायबर कॅफेत नेलं. दोन हजार सालाच्या आगेमागे. गंगापूर रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात मी वेबसाइटी बनवायच्या कामाला लागलो होतो. त्याला एक पान उघडून दाखवलं, तर पान राहिलं बाजूला, "ह्याच्या पाठीमागं काय असतं?" मी माउसचं उजवं बटण दाबून दाखवलं. पडदाभर कोड आला. तो ते खालपर्यंत बघत राहिला. कॅफेवाल्याने अजून बसणार का विचारलं, तेही त्याला ऐकू गेलं नाही.

पुढच्या ब्रेकमध्ये त्याने मामाच्या द्राक्षांच्या पॅकहाउसची वेबसाइट बनवली. पिंपळगावच्या मामाने ती मागितलेली नव्हती. घडांचे फोटो एवढे मोठे टाकले होते की पान उघडता उघडेना. "तोवर द्राक्षाचा बेदाणा होतोय," तोच म्हणाला आणि बसून सगळे फोटो लहान केले.

ती वेबसाइट मी आमच्या ऑफिसच्या मालकांना, म्हणजे सरांना दाखवली. मिरवायला म्हणून. सर म्हणाले, पाठव त्याला. तो भेटून आला, गप्पा झाल्या, सरांनी नोकरी देऊ केली. पगार टर्नरच्या निम्माच होता. आणि त्याच आठवड्यात कंपनीतून कळलं की या ब्रेकनंतर त्याला परमनंट करणार.

पुढचे काही दिवस तो जिन्यात बसलेला असायचा. त्याच्या आईचं ठरलेलं होतं. "परमनंट म्हंजे परमनंट, भाऊ. ते कम्प्युटरचं काय, लाइट गेली की गेलं," त्या मला म्हणाल्या. जणू मीच बटण धरून बसलो होतो. तो एकदा एवढंच म्हणाला, लेथवर उभा असलो की आता डोळ्यापुढं पानं येतात, कधीतरी बोट जाईल.

मग एका सकाळी त्याने मला गाठलं. "सरांना एवढंच विचार. आत्ता देतायत ते चालेल. वर्षानं थोडं वाढवतील का? हो म्हणले तर कंपनीत जातच नाय."

त्याने स्वतः का विचारलं नाही, असं तुम्ही म्हणाल. सातपूरची रीत तशी होती. पगाराचं माणसाने स्वतः बोलायचं नाही. आपल्यातला कुणीतरी आत असतो, त्याने बोलायचं. त्याच्या हिशेबाने मी आत होतो.

मी सरांना विचारलं नाही. संध्याकाळी त्याला सांगितलं, सर नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, तो नाही म्हणाला. दोन्ही वाक्यं सहज आली.

का, ते सांगतो. आमच्या इमारतीत कम्प्युटरवाला म्हणून मी एकटाच होतो. पोरांचे आईबाप सल्ला विचारायला माझ्याकडे यायचे. बस, एवढंच. याहून मोठं कारण मी बरीच वर्षं शोधलं. सापडलं नाही.

परमनंट झाल्यावर त्याने पेढे आणले. "तू विचारलंस म्हणून बरं झालं, नाहीतर येड्यासारखा गेलो असतो," म्हणाला. मी पेढा खाल्ला. वर्षभराने सर सहज बोलून गेले की तुझा तो मित्र आला असता तर एव्हाना मी त्याला दीडपट दिले असते. मी मान हलवली आणि कामाला लागलो.

मी पुढे स्वतःचं ऑफिस काढलं, राहायलाही गंगापूर रोडला आलो. काही वर्षांनी त्याची कंपनी दुसऱ्या राज्यात हलली. तिकडे या, नाहीतर हिशेब घेऊन मोकळे व्हा, असं कामगारांना सांगितलं. तेव्हा तो माझ्याकडे आला. केस विरळ झाले होते. खुर्ची दिली तरी उभाच राहिला.

"शिकाऊ म्हणून घेतोस का? पगाराचं काय नाय, कमी चालेल."

दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याला त्या दिसत होत्या. मी म्हणालो, "बघतो."

त्याने मान डोलावली. दारात थांबून म्हणाला, "आता सर तूच हायेस ना?" त्यात टोमणा नव्हता. मी तो बराच वेळ शोधला.

नंतरच्या एका रविवारी मी सातपूरला गेलो. नोकरी देतो म्हणायचं आणि जुनं सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो होतो. वर चढलो, दार वाजवलं. अनोळखी बाईंनी उघडलं. कडेवर मूल होतं.

"ते गेले की कंपनीबरोबर, आईला घेऊन," त्या म्हणाल्या. मी तसाच उभा होतो, म्हणून त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

"खाली राहायचो," मी म्हणालो.