रिकाम्या रकान्यातली घरं

आधीच सांगून टाकतो, चूक यंत्राची नव्हती. माझी होती, आणि मी ती जाणूनबुजून केली होती. पुढे कबूल केल्याबद्दल जी शिक्षा झाली तिची मला आजही खंत नाही. खंत आहे ती कबूल करायला एक बाई दारात येऊन उभी राहावी लागली, याची.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. अंधेरीला आमच्या कार्यालयाची अभिलेखांची खोली होती. उपनगरातल्या जुन्या गावठाणांच्या घरांच्या नोंदवह्या तिथे लाल फडक्यात बांधून ठेवलेल्या असत. त्या नोंदी कार्डांवर पंच करायच्या, कॉम्प्युटरकडून छापील यादी काढायची आणि वह्या रद्दीत द्यायच्या, असं वरून ठरलं. प्रोग्रॅमिंग शिकलेला मी एकटाच, म्हणून काम माझ्याकडे आलं. कार्डं साकीनाक्याला एका लेथच्या कारखान्याच्या माळ्यावर पंच होत. कॉम्प्युटर दुसऱ्याच एका संस्थेचा होता. आठवड्यातून एक तास आम्हाला मिळे.

एका कार्डावर ऐंशी अक्षरं मावत. त्यात मी गाव, घराचा नंबर, मालकाचं नाव, बापाचं नाव आणि क्षेत्रफळ बसवलं. वहीतला शेवटचा, शेऱ्याचा रकाना सोडून दिला. जागाच नव्हती.

जुहूजवळच्या एका कोळीवाड्याच्या दोन वह्या होत्या. तिथे किनाऱ्याकडच्या घरांना नंबरच नव्हते. जुन्या कारकुनाने नंबराचा रकाना कोरा ठेवून शेऱ्यात लिहिलं होतं, ‘माडापलीकडचं तिसरं, दार दर्याकडे’ किंवा ‘बोंबील सुकवायच्या वलांडीमागचं’. वाड्यातल्या माणसाला एवढं पुरे होतं. माझ्या प्रोग्रॅमला पुरत नव्हतं. तो नंबरावर कार्डं लावत असे आणि कोरा रकाना आला की बंद पडे. दोन आठवडे आमचा तास असाच फुकट गेला. साहेब म्हणाले, “या शुक्रवारी यादी पाहिजे. काय वाट्टेल ते कर.”

मी एक ओळ घातली. नंबर कोरा असेल तर कार्ड सोड आणि पुढे जा. सोडलेल्या कार्डांची वेगळी यादी छापायला आणखी पाच-सहा ओळी लागल्या असत्या. त्या ‘नंतर’वर टाकल्या. शुक्रवारी यंत्र न अडखळता खडखडत राहिलं, रुंद कागदाच्या घड्या पडत गेल्या. साहेबांनी पाठीवर थाप मारली, “झकास!” मला फार बरं वाटलं. तेही इथे लिहिलं पाहिजे.

आमचे रेकॉर्डकीपर काका मालवणकडचे, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी यादी चाळली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“झिला, वलांडीमागची घरा खंय गेली?”

“त्यांना नंबर नाहीत, काका. नंतर घालतो.”

“घराक नंबर नाय म्हणान घर नाय, असा होता काय, मेल्या?”

मी हसलो. प्रत्येक वही रद्दीत देण्यापूर्वी ‘यादी वहीबरहुकूम आहे’ अशा दाखल्यावर माझी सही लागे. कोळीवाड्याच्या पहिल्या वहीवर मी त्याच दुपारी सही केली. ती गेली आणि तिचा लगदा झाला.

महिन्याभरात त्या भागातला रस्ता रुंद करायचं निघालं. ज्याचं घर नोंदीत, त्याला दुसरीकडे जागा. ज्याचं नाही, त्याला नुसती नोटीस. एका सकाळी एक कोळीण मासळीची रिकामी टोपली दाराशी ठेवून आत आली. खिडकीवरच्या कारकुनाने यादी पाहिली आणि मला हाक मारली.

“मावशी, तुमचं नाव नाही यादीत,” मी म्हणालो.

“नीट बघ रं बाला.”

“बघितलं. नाही.”

“तुजा कागुद बोलतो मी नाय. मंग तुज्यासमोर उबी हाय ती कोन? माजं भूत?”

सगळे हसले. कारकून म्हणाला, “मावशी, मशीनची यादी आहे ही. मशीन खोटं बोलत नाय.”

“मंग त्या मशीनला बोलायला कोनी शिकवला?”

तिने सहज विचारलं. पण त्या खोलीत उत्तर ठाऊक असलेला मी एकटाच होतो. घर कुठे, असं विचारलं तर म्हणाली, “वलांडीच्या मागं. आमच्या आज्याचं.”

मी आत गेलो. काका खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या खाली, उशीसारखी, माझ्या सहीला न देता दाबून ठेवलेली कोळीवाड्याची दुसरी वही होती. “तुझी खरी सही होयसर बसतलंय हीच्यार,” म्हणाले आणि उठले. वहीत तिच्या आज्याचं नाव होतं. नंबर कोरा. ‘वलांडीमागचं दुसरं.’

वही घेऊन मी साहेबांकडे गेलो. सगळं ऐकून ते म्हणाले, “मशीनची चूक म्हणून टिपण लिही. पुढच्या टप्प्यात बघू. वहीवर सही कर आणि मोकळा हो.”

“सही नाही करणार.”

“पहिल्या वहीवर केलीस ना?”

“केली. तीच चूक झाली.”

“अरे, मशीनवर ढकलतोय ना मी? तुला वाचवतोय!”

मला वाचायचं नव्हतं. दाखल्यावर मी लिहिलं, ‘यादी अपूर्ण आहे. यंत्र बरोबर चाललं. घरं मी वगळली.’ खाली पूर्ण सही केली. मग काका आणि मी दोन दिवस बसून दुसऱ्या वहीतल्या कोऱ्या नंबरांच्या प्रत्येक घराची हाताने नक्कल काढली. काकांनी प्रत्येकीवर ‘खरी नक्कल’चा शिक्का असा हाणला की टेबल हादरलं. त्या बाईला आणि त्या वहीतल्या बाकीच्यांना जागा मिळाली. मला दहिसरच्या जकात नाक्यावर पाठवलं, ट्रकचे नंबर लिहायला. मित्र म्हणाले, वाट लागली तुझी. लागू दे म्हटलं.

पण पहिल्या वहीचं काय? ती माझ्या सहीने गेली होती. उरली होती फक्त सोडलेली कार्डं, नाव असलेली, जागा नसलेली. दहिसरला जाण्याआधी ती मी पिशवीत घालून नेली. चोरली म्हणा. रविवारी रविवारी कोळीवाड्यात जाऊन म्हाताऱ्या माणसांना एकेक नाव वाचून दाखवलं. सोबत तीच बाई. “ह्यो? ह्यो माडाखालचा. लिव रं.” मी कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने तो शेरा लिहायचो, जो मी कापला होता, आणि खाली दोन शेजाऱ्यांचे अंगठे. कार्यालयाने आधी ती घेतली नाहीत. मी पुन्हा नेली. तिसऱ्या खेपेला घेतली, कारण तोवर माझ्यामागे अख्खा वाडा दारात उभा होता.

अकरा कार्डांची पाठ मात्र कोरीच राहिली. त्या माणसांना ओळखणारं वाड्यात कुणी उरलं नव्हतं. कार्यालयाने ती कार्डं दोनदा लेखी मागितली, सरकारी मालमत्ता म्हणून. मी दिली नाहीत. आजही माझ्या कपाटात आहेत. न्यायला कुणी आलं, तर आधी घर कुठे होतं ते सांगावं लागेल.