मी झेंड्याकडे बघत होतो

व्यावसायिक फुटबॉलची मॅच मैदानात बसून मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि तीही धड पाहिली असं म्हणता येणार नाही. नव्वद मिनिटांतली ऐंशी मिनिटं तरी माझी नजर चेंडूवर नव्हती. ती मैदानाच्या कडेच्या रेषेवर पळणाऱ्या एका माणसाच्या हातातल्या झेंड्यावर होती. तो माणूस माझा मुलगा होता.

तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर, आणि शनिवार-रविवार शाळा-कॉलेजांच्या आणि जिल्ह्याच्या मॅचेसना पंच. मी भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात सत्तावीस वर्षं काम करत होतो. आमच्या घरातले दोघंही लोकांच्या चुका काढून पोट भरतात, असं माझी बायको पाहुण्यांना सांगते. ते खोटं नाही.

बालेवाडीच्या मैदानावर त्या शनिवारी देशपातळीवरच्या एका लीगची मॅच होती. सगळ्यात वरची लीग नव्हे, तिच्या खालची. पण खेळाडू पगारी, पंच बाहेरगावाहून नेमलेले. माझा मुलगा राखीव होता. राखीव पंचाने बदली खेळाडूंच्या आकड्यांची पाटी धरायची आणि दोन्ही बाकांवरची आरडाओरड सहन करायची. गावचा माणूस रेषेवर सहसा ठेवत नाहीत, हे त्यानेच सांगितलं होतं. पण सकाळी नऊला फोन आला. एका लाइन्समनला ताप भरला होता. त्याच्या जागी आता हा.

फोन ठेवून तो बराच वेळ बूट पुसत बसला. बूट आदल्या दिवशीच पुसलेले होते. मी विचारलं तेव्हा त्याने सरळ हिशेब मांडला. प्रेक्षकांत एक असेसर बसतो, म्हणजे पंचांची परीक्षा घेणारा निवृत्त पंच. तो प्रत्येकाला दहापैकी मार्क देतो. आठ किंवा वर मिळाले तर नाव या पातळीच्या यादीत राहतं. खाली गेले तर परत जिल्ह्यात, आणि पुढची संधी कधी ते कुणी सांगत नाही. सात वर्षं शाळांच्या मैदानांवर धूळ खाल्ल्यावर ही एक मॅच मिळाली होती.

मी येतो म्हणालो. त्याने नाही म्हटलं नाही, पण दोन अटी घातल्या. हात करायचा नाही, आणि शेजारच्यांना काही सांगायचं नाही. गावचा पंच आहे हे कळलं तर घरच्या टीमच्या बाजूने झेंडा वर गेला तरी बोलणार, विरुद्ध गेला तरी बोलणार. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जा. मला बघवणार नाही. मॅच संपल्यावर फक्त बरं झालं की वाईट तेवढं कळवा."

मॅच साडेचारची. कर्वेनगरहून मी स्कूटरने तीन वाजून वीस मिनिटांनी पोचलो आणि रिकाम्या गॅलरीत त्याच्या रेषेसमोर जागा धरली. मधे पळायचा ट्रॅक असल्यामुळे अंतर बरंच होतं. ऑफसाइडचा नियम मी आठवड्यापासून घोकत होतो. नियम थोडक्यात असा: चेंडू पुढे मारला जातो त्या क्षणी हल्ला करणारा खेळाडू आणि गोल यांच्यामध्ये विरुद्ध टीमची दोन तरी माणसं हवीत, त्यांत गोलकीपर एक धरायचा. खेळाडू बचाववाल्याच्या अगदी रांगेत असला तरी चालतो. दोन माणसं नसतील तर लाइन्समनने झेंडा वर करायचा. मी कागदावर आकृत्या काढून सहा प्रकार सोडवले होते, सहाही बरोबर. त्यामुळे माझा थोडा गैरसमज झाला होता की मला हा नियम कळतो.

गॅलरी निम्मी भरली. माझ्या शेजारी घरच्या टीमचा टी-शर्ट घातलेला एक दाढीवाला तरुण बसला. अमरावतीचा, वाघोलीला राहणारा. ही माहिती त्याने मी न विचारता दिली. त्याच्याबरोबर ऑफिसातली एक मुलगी होती, बोलण्यावरून इथलीच. तरुणाने विचारलं, काका पहिल्यांदाच का. मी हो म्हणालो. मग त्याने मला सगळं समजावायचं ठरवलं.

पंच बाहेर आले. लांबून मुलगा होता त्याहून बारीक दिसत होता. पहिली वीस मिनिटं ठीक गेली. झेंडा चार वेळा वर गेला, तीनदा चेंडू बाहेर गेल्याबद्दल, एकदा ऑफसाइडसाठी, आणि चारही वेळा कुणी हरकत घेतली नाही. मी तिकिटाच्या मागे दर झेंड्याला एक रेघ ओढत होतो. ती मुलगी मधेच म्हणाली, "काका, तुम्ही बॉलकडे बघतच नाही आहात."

"चष्म्याचा नंबर बदललाय," मी म्हणालो. हे खरं होतं, पण कारण ते नव्हतं.

तेहतिसाव्या मिनिटाला घरच्या टीमने गोल केला. आमची गॅलरी उभी राहिली. तरुणाने माझ्या पाठीत थाप मारली. मी माणसांच्या फटीतून रेषेकडे पाहिलं. माझा मुलगा जागच्या जागी थांबला होता आणि झेंडा सरळ वर होता.

रेफरीने शिट्टी मारली आणि गोल रद्द केला. आनंदाचा आवाज तसाच शिव्यांमध्ये वळला, मधे खंड पडला नाही. घरच्या टीमचे चारजण धावत मुलाकडे गेले. एकाने छाती त्याच्या अगदी जवळ नेली. मुलगा मागे सरला नाही. माझ्या मागून पाण्याची अर्धी बाटली उडत जाऊन ट्रॅकवर पडली.

"आंधया हाय काय बे हा?" तरुण ओरडला. मग माझ्याकडे वळला. "काका, तुमी सांगा. तुमी तर तिकडंच पाहत होते. होता का ऑफसाइड?"

आजूबाजूचे पाच-सहाजण माझ्याकडे बघायला लागले. मी त्या वेळी खरोखर तिकडेच पाहत होतो. चेंडू गोल करणाऱ्याच्या पायाशी आला तेव्हा त्याच्या पुढे गोलकीपर होता आणि पाहुण्यांचा एक निळा शर्ट होता. दोन. मी मोजले होते. मोजलेलं नाकारायची मला सवय नाही.

"नव्हता," मी म्हणालो.

"बघा. काकालाही दिसलं," तो सगळ्यांना म्हणाला. तिथून माझं नाव लाइन्समनविरुद्धच्या साक्षीदारांत गेलं. पुढची बारा मिनिटं मुलगा रेषेवर आला की आमची गॅलरी हुर्यो करायची, आणि दोन ओळी मागचा एकजण दरवेळी म्हणायचा की त्या काकांनी स्वतः पाहिलंय. दहातले किती मार्क गेले असतील, एवढंच डोक्यात चाललं होतं. एका रद्द गोलाचे दोन तर नक्की गेले, असं मी धरलं.

मध्यंतरात सगळे चहाला गेले. मी उठलो नाही. असेसर कुठे बसला असेल ते शोधत होतो. वरच्या बाजूला खुर्चीत टोपी घातलेले एक गृहस्थ काहीतरी लिहीत होते. तेच असावेत असं वाटलं आणि ते लिहायचे थांबेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

तरुण वडापाव घेऊन आला तो फोन पुढे करत. मॅच कुठल्याशा वेबसाइटवर दिसत होती, आणि घरी बसलेल्या मित्राने त्याला त्या गोलाचं चित्र थांबवून पाठवलं होतं. चेंडू मारणाऱ्याच्या बुटाला चिकटलेला होता आणि गोल करणारा सगळ्या निळ्या शर्टांच्या चांगला हातभर पुढे होता. त्याच्या आणि गोलच्या मध्ये एकटा गोलकीपर.

"हा ऑफसाइडच होता," मुलगी म्हणाली. "काका, तुम्ही बॉल पोचला तेव्हाचं बघितलंत. तोपर्यंत तो डिफेंडर पळत मागे गेला. मारतानाचं बघायचं असतं."

हे मी वाचलं होतं, लिहून काढलं होतं. पण कागदावर सगळे उभे असतात, पळत कुणी नसतं. मी त्या दोघांना म्हणालो की माझं चुकलं. तरुण म्हणाला, जाऊ द्या ना काका, आमचंबी चुकलंच की. त्याने मला अर्धा वडापाव दिला. दोन ओळी मागच्या माणसालाही जाऊन सांगावं असं मला वाटलं आणि मी गेलो. तो म्हणाला, "आता तुम्ही लाइन्समनचे वकील झालात होय?" मी परत येऊन बसलो.

उत्तरार्धात टीमनी बाजू बदलल्या. लाइन्समन बाजू बदलत नाही, त्यामुळे आता पाहुणी टीम त्याच्या अंगावर हल्ले करत येऊ लागली. गॅलरीतले सगळे फोनवर चित्र बघून बसलेले नव्हते. त्यांच्या दृष्टीने तो अजून गोल खाणारा माणूसच होता. मी रेघा ओढत होतो. साठाव्या मिनिटाला त्याचा पाय घसरला आणि लोक हसले.

बाहत्तराव्या मिनिटाला पाहुण्यांचा एक खेळाडू लांबून आलेला चेंडू घेऊन एकटाच पुढे निसटला. समोर फक्त गोलकीपर. आमची गॅलरी गप्प झाली. आणि झेंडा वर गेला.

गॅलरीने टाळ्या वाजवल्या. त्याच माणसासाठी. पाहुण्यांच्या बाकावरून कुणीतरी हात उडवले, पण फार नाही. तरुण म्हणाला, "आता शिकला पाहा." मीही टाळ्या वाजवल्या. ते अटीत बसत होतं की नाही याचा मी विचार केला नाही. त्या एका झेंड्याने सगळं भरून निघालं असं मला वाटलं.

मॅच शून्य-शून्य सुटली. सव्वासहा वाजून गेले होते आणि उजेड अजून होता. तरुणाने माझ्याशी हात मिळवला, पुढच्या मॅचला या म्हणाला. मी बायकोला "बरं झालं" असा मेसेज केला आणि पार्किंगमध्ये स्कूटरपाशी थांबलो. तेवढ्यात मुलाचा फोन आला.

दहा मिनिटांत त्याला असेसरसमोर बसायचं होतं. त्याचा आवाज खाली होता, शेजारी कुणी असावं. मी गोलाचं चित्र पाहिल्याचं सांगायला लागलो, तर त्याने थांबवलं.

"तो बरोबरच होता बाबा. दुसरा चुकला. बाहत्तरावा."

मला आधी समजलंच नाही. ज्याला टाळ्या पडल्या तो.

तो सांगत होता की त्या वेळी तो बचाववाल्यांच्या रेषेपेक्षा एक पाऊल मागे राहिला होता. तिथून तिरकं दिसलं आणि खेळाडू पुढे वाटला. झेंडा वर गेल्यावर लगेच त्याला कळलं, पण तोवर शिट्टी वाजली होती. कॅमेरा चेंडूबरोबर होता, त्यामुळे चित्रात ते नसणार. असेसर मधल्या खुर्चीत होते, त्यांच्या कोनातून ते दिसणं शक्य नाही. कुणालाच माहीत नाही.

मला तिरकं बघणं म्हणजे काय ते चांगलं माहीत आहे. मोजमापाच्या उपकरणाचा काटा सरळ समोरून न बघता बाजूने बघितला की आकडा चुकतो, हे मी शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी दाखवतो. एकोणीसशे नव्वदनंतर परदेशी ऑर्डर आल्या तेव्हा आमच्याकडे एक नियम झाला: पास केलेला नग चुकीचा होता असं तपासणाऱ्याच्या लक्षात आलं, तर गाडी निघून गेली असली तरी त्याने स्वतः वर कळवायचं. तो नियम लिहिणाऱ्यांत मी होतो. दोनदा मी स्वतःची चूक कळवली आहे, आणि जेवताना घरी त्याची फुशारकीही मारली आहे.

"सांगू का त्यांना?" मुलाने विचारलं.

मी 'सांग' म्हणायला हवं होतं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण मला सात वर्षांची धूळ दिसत होती, आणि आठ हा आकडा. मी म्हणालो, "त्यांनी विचारलं तर सांग."

मग तो "बरं" म्हणाला आणि फोन बंद झाला.

मी पस्तीस मिनिटं स्कूटरला टेकून उभा होतो. गाड्या निघून गेल्या. पहारेकऱ्याने दोनदा विचारलं, कुणाची वाट बघताय. मी मुलाची म्हणालो. माझ्या मनात एकच होतं: त्यांनी विचारलं असू नये. आणि त्याच वेळी, त्यांनी विचारलेलं असावं.

तो बॅग खांद्यावर टाकून आला. केस ओले होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "त्यांनी विचारलं नाही."

"मग?"

"मग मी सांगितलं."

मी मार्क किती पडले ते विचारलं. सात पूर्णांक आठ. असेसरनी आधी आठ पूर्णांक तीन लिहिले होते, ते त्याच्यासमोर खोडून नवे लिहिले, शेरा लिहिला आणि उठताना एवढंच म्हणाले की हे मी पाहिलं नव्हतं. ते रागात होते की नाही, हे त्याला कळलं नव्हतं.

मी स्कूटर सुरू केली. तो मागे बसला. बाणेरच्या सिग्नलला उभे असताना मी त्याला म्हणालो की मी तुला चुकीचं सांगितलं.

"माहितीये बाबा," तो म्हणाला. "म्हणून तर थोडा वेळ लागला."

पुढच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. अकरा महिने तो परत शाळांच्या मैदानांवर होता, आणि त्या काळात मी त्याला एकदाही म्हणू शकलो नाही की न सांगतास तर बरं झालं असतं. पण मनात ते किती वेळा आलं, हे मी मोजलेलं नाही.